घरात गाडी आहे का? वंचितता मोजण्याचा इतिहास

मागच्या सहामाही प्रगती-सेमिनारला बाहेरून आलेल्या एका सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "हा निर्देशांक तुम्ही का निवडलात?" मी म्हणाले, "सर, सगळे हाच वापरतात." सर काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की ज्या आकड्यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे, तो आकडा कुणी, कधी, कशासाठी तयार केला हे मला माहीतच नव्हतं. पुढचे चार महिने मी तेच वाचत होते. त्यातलं जे तुमच्या कामाचं आहे ते इथे लिहिते.

तुमची पेट झाली असेल, सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल आणि शीर्षकात 'सामाजिक-आर्थिक स्थिती' किंवा 'आरोग्य विषमता' असे शब्द असतील, तर हे वाचायला अर्धा तास काढा. कारण 'गरिबांची मुलं जास्त आजारी पडतात' हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण 'गरीब' म्हणून तुम्ही कुणाला मोजलंत यावर त्या वाक्याचा अर्थ ठरतो.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आज आपण वापरतो त्या बऱ्याच मापांची घडण तिथे झाली.

१८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी कष्टकरी लोकांच्या आरोग्यस्थितीवर एक मोठा अहवाल काढला. त्यातली एक तक्ता-मालिका फार गाजली. लिव्हरपूलमध्ये मृत्यूच्या वेळचं सरासरी वय प्रतिष्ठित वर्गात ३५, व्यापाऱ्यांत २२ आणि मजुरांत फक्त १५. उलट रटलंड या ग्रामीण परगण्यात मजुरांचं हेच वय ३८. म्हणजे खेड्यातला मजूर लिव्हरपूलच्या शेठजींपेक्षा जास्त जगतो! चॅडविक यांनी यावरून निष्कर्ष काढला की मारते ती गरिबी नाही. मारते ती घाण, तुंबलेली गटारं आणि दूषित हवा. उपाय काय, तर नळ आणि गटारं. मजुरी वाढवा असं त्यात नव्हतं. चॅडविक हे १८३४ च्या गरीब कायद्याचे एक शिल्पकार होते, हे इथे विसरू नका. गरिबीनेच माणसं मरतात असं म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं.

आता या तक्त्यात चूक काय? दोनच वर्षांनी, १८४४ मध्ये, नीसन नावाच्या आकडेतज्ज्ञांनी ती दाखवून दिली. 'मृत्यूच्या वेळचं सरासरी वय' हे मुळात त्या वस्तीत कोणत्या वयाचे लोक राहतात यावर अवलंबून असतं. एखाद्या निवृत्तांच्या सोसायटीत हे वय पंच्याहत्तर येईल आणि नव्याने लग्न झालेल्या, लहान मुलं असलेल्या कामगारांच्या वसाहतीत पंचवीस. त्यावरून सोसायटीची हवा चांगली आणि वसाहतीची वाईट असं म्हणता येत नाही. लिव्हरपूल तेव्हा तरुण स्थलांतरितांनी आणि त्यांच्या लेकरांनी भरलेलं होतं. म्हणून लिव्हरपूल विरुद्ध रटलंड ही तुलना लंगडी होती. तरी पण मजुरांची मुलं मोठ्या संख्येने मरत होती हे खोटं नव्हतं. माप सदोष असूनही त्यातून गटारं बांधली गेली आणि पुढे लोकांचे जीव वाचले, हेही खरं. संशोधनात असंही होतं.

चॅडविकनंतर जवळपास अर्ध्या शतकाने चार्ल्स बूथ हे लिव्हरपूलचे जहाज-व्यावसायिक लंडनची गरिबी मोजायला निघाले. १८८९ पासून त्यांचे नकाशे यायला लागले. प्रत्येक रस्त्याला एक रंग. सगळ्यात वरच्या लोकांना पिवळा, मग लाल, गुलाबी, जांभळा, निळ्याच्या दोन छटा आणि तळाला काळा. त्यांच्या हिशेबाने लंडनचे ३०.७ टक्के लोक गरिबीत होते. ही माहिती आली कुठून? मुलं शाळेत येतात की नाही हे बघायला घरोघर फिरणाऱ्या शाळा मंडळाच्या तपासनिसांकडून. म्हणजे ज्या घरात शाळेच्या वयाचं मूल नाही, त्या घराबद्दल थेट माहितीच नाही, तिथे अंदाज. आणि काळ्या रंगाचा अर्थ काय लिहिला होता? 'सर्वांत खालचा वर्ग, दुराचारी, अर्धगुन्हेगार.' रंग गरिबीचा आणि शिक्का चारित्र्याचा. मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपल्याकडच्या जुन्या 'गुन्हेगार जमाती'च्या याद्या आठवल्या.

पण याच नकाशाचं एक शतक उलटून गेल्यावर काय झालं बघा. २००० मध्ये डॅनी डॉर्लिंग आणि सहकाऱ्यांनी बूथचे रंग संगणकावर चढवले आणि १९९० च्या दशकातल्या लंडनच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. बालपणीच्या हलाखीशी नातं असलेले काही आजार, उदाहरणार्थ पक्षाघात आणि पोटाचा कर्करोग, यांनी होणारे मृत्यू कुठे जास्त आहेत हे १९९१ च्या गरिबीपेक्षा शंभर वर्षांपूर्वीच्या गरिबीवरून जास्त चांगलं सांगता येत होतं. वस्ती बदलते, माणसं बदलतात आणि वंचितता तिथेच राहते. हा पेपर बीएमजेच्या नाताळ अंकात आला होता. लेखनशैली हलकीफुलकी आहे म्हणून सोडून देऊ नका, पद्धतशास्त्र शिकायला उत्तम आहे.

बूथनंतर सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरात सर्वेक्षण केलं. त्यांनी रस्त्यांना रंग दिले नाहीत, हिशेब मांडला. नवरा, बायको आणि तीन मुलं यांना फक्त शरीर टिकवायला आठवड्याला किती लागतील? २१ शिलिंग ८ पेन्स. यात वर्तमानपत्र नाही, पत्राचं तिकीट नाही, मुलाला खेळणं नाही. इतका कंजूष हिशेब त्यांनी मुद्दाम केला, म्हणजे कुणी 'हे लोक उधळे आहेत' असं म्हणू नये. तरी यॉर्कची सुमारे दहा टक्के लोकसंख्या या रेषेखाली निघाली. आपल्याकडे १९७१ मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' मांडलं तेव्हा आधार असाच शरीराचा होता: माणशी दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च. १९६०-६१ च्या किमतींनुसार तो खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये येतो असं त्यांनी दाखवलं. दारिद्र्यरेषेच्या पुढच्या सगळ्या वादांत हे पुस्तक कुठे ना कुठे येतंच.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे. आरोग्याची आकडेवारी सगळ्यात जास्त कुठे मिळते? जन्म-मृत्यूच्या नोंदींत. आणि मृत्यूच्या दाखल्यावर उत्पन्न लिहिलेलं नसतं, व्यवसाय लिहिलेला असतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये पन्नास-साठ वर्षं 'वर्ग' म्हणजे व्यवसाय असंच चाललं. १९११ च्या जनगणनेच्या वेळी रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीतले डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ टी. एच. सी. स्टीव्हन्सन यांनी लोकांची व्यवसायावरून वर्गवारी केली आणि बालमृत्यू व प्रजनन त्यावर मांडले. सुरुवातीला आठ गट होते, त्यातले तीन वेगळे काढलेले: कापड कामगार, खाण कामगार आणि शेतमजूर. १९२१ मध्ये हे तीन मोडून पाच वर्ग उरले. वर वकील-डॉक्टर, तळाला अकुशल मजूर.

या पाच वर्गांची गंमत अशी की ते पक्के नव्हते. कारकून दुसऱ्या वर्गात होते, १९३१ मध्ये तिसऱ्यात ढकलले गेले. त्याच माणसाचं त्याच खुर्चीवरचं तेच काम, पण तक्त्यात वर्ग बदलला. बायकांचं काय? लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा वर्ग. म्हातारे? निवृत्तीआधीचा व्यवसाय, तोही नातेवाईक सांगतील तसा. माणूस गेल्यावर घरचे त्याचं काम जरा वाढवूनच सांगतात, त्यामुळे दाखल्यावरचा व्यवसाय आणि जनगणनेतला व्यवसाय जुळेना. भागाकार करायचा तर अंश एका नोंदवहीतला आणि छेद दुसऱ्या. आपल्याकडे 'तो साहेब होता हो' असं मयताला आलेले लोक सांगतात, तसंच.

इतके दोष असूनही ही पायरी-पायरीची रचना दशकानुदशकं तेच दाखवत राहिली: वरून खाली येताना मृत्युदर वाढतो. १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल अभ्यास झाला. सगळे पुरुष, सगळे नोकरीत, कुणीच उपाशी नाही. तरी शिपाई आणि निरोप्यांच्या दर्जाच्या माणसांचा मृत्युदर वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट. प्रत्येक पायरीवर फरक. म्हणून 'गरीब विरुद्ध श्रीमंत' अशी दोन खोक्यांची तुलना करून थांबू नका, पूर्ण उतरंड दाखवा.

१९७७ मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन तीस वर्षं होत आलीत, उपचार सगळ्यांना मोफत आहेत, मग फरक कमी झाला का, हा प्रश्न. उत्तर आलं: नाही. पाचव्या वर्गातल्या माणसाची निवृत्तीआधी मरण्याची शक्यता पहिल्या वर्गातल्याच्या अडीच पट. अहवाल तयार झाला तोवर सरकार बदललं होतं. १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या आठवड्याच्या तोंडावर, त्याच्या २६० झेरॉक्स प्रती काढल्या गेल्या. मंत्र्यांच्या प्रस्तावनेत शिफारशींना पैसे नाहीत असं सांगितलेलं होतं. दाबायला काढला आणि त्यामुळेच गाजला. १९८२ मध्ये पेंग्विनने तो पुस्तकरूपाने छापला.

पण मला इथे विरोधकांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, हा फरक आकड्यांचा खेळ आहे. पाचवा वर्ग दर दशकात लहान होतोय, त्यात फक्त मागे राहिलेले उरतात, मग त्यांचा मृत्युदर जास्त दिसणारच. समितीने या शंकेला स्वतंत्र जागा दिली होती. संभाव्य स्पष्टीकरणं त्यांनी चार मांडली: मोजमापाचा भास, निवड (म्हणजे आजारी माणूस खाली घसरतो), भौतिक परिस्थिती, आणि सवयी-संस्कृती. तुमच्या प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणाला हा सांगाडा आजही चालतो. मी तोच घेतलाय.

ब्लॅक समितीत एक समाजशास्त्रज्ञ होते, पीटर टाउनसेंड. त्यांच्यावर जरा थांबू, कारण 'वंचितता' या शब्दाला आजचा अर्थ मिळाला त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९७९ मध्ये त्यांचं ब्रिटनमधल्या गरिबीवरचं भलंमोठं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं: पोट भरलं म्हणजे गरिबी संपली असं नाही. आपल्या समाजात जे सगळे करतात ते करता न येणं ही वंचितता. म्हणून त्यांनी घरोघर विचारलं: घरात फ्रिज आहे का? मुलाच्या वाढदिवसाला मित्र आले होते का? वर्षात एकदा तरी बाहेरगावी सुट्टीला गेलात का? रविवारी मांसाचं मोठं जेवण होतं का? यावर डेव्हिड पियाशॉ यांनी १९८१ मध्ये टीका केली: रविवारी मांस न खाणारा गरीब कशावरून? शाकाहारी असेल! आवड आणि अभाव यांत फरक करा. हा आक्षेप आपल्या देशात तर दहापट लागू होतो. प्रश्नावलीत 'आठवड्यातून किती वेळा अंडी किंवा मांस' असा प्रश्न टाकाल तेव्हा पियाशॉ आठवा.

टाउनसेंड यांनी आणखी एक भेद केला. गरिबी म्हणजे साधनांची कमतरता, पैशाची. वंचितता म्हणजे त्या कमतरतेमुळे माणूस ज्या परिस्थितीत राहतो ती: ओल आलेलं घर, कोंदट खोली, धोक्याचं काम. एकाचं माप रुपयांत, दुसऱ्याचं माप जगण्यात. सिनॉप्सिसमध्ये हे दोन शब्द अदलून-बदलून वापरू नका.

आता १९८८. टाउनसेंड, फिलिमोर आणि बीटी यांनी इंग्लंडच्या उत्तर विभागातल्या ६७८ प्रभागांचा अभ्यास छापला. प्रश्न असा होता की प्रभागातल्या माणसांची अकाली मृत्यू, कायमचं अपंगत्व-आजारपण आणि कमी वजनाची बाळं यांची आकडेवारी आहे, पण त्यांचं उत्पन्न कुठेच नाही. ब्रिटनची जनगणना उत्पन्न विचारत नाही. मग जनगणनेत जे आहे त्यातूनच काम भागवायचं. त्यांनी चार गोष्टी घेतल्या. कामाच्या शोधात असूनही बेकार किती. गाडी नसलेली घरं किती. स्वतःच्या मालकीची नसलेली घरं किती. आणि खोल्यांपेक्षा माणसं जास्त असलेली घरं किती. बेकारी आणि दाटीच्या आकड्यांचा लॉग घेतला, कारण ते एका बाजूला फार झुकलेले असतात. मग चारही आकड्यांचे झेड-स्कोअर काढून बेरीज केली. शून्याच्या वर गेलं की वंचित. एवढंच. एक्सेलमध्ये तासाभरात होईल असं काम आहे, म्हणूनच ते जगभर पसरलं.

आणि हीच ती 'गाडी'. गाडी का? कारण गाडी हा तेव्हा ब्रिटनमध्ये घरातल्या पैशाचा बऱ्यापैकी अंदाज देत होता. न्यूकासलच्या प्रभागात हे पटतं. पण वेल्सच्या डोंगरात किंवा कॉर्नवॉलच्या खेड्यात बस दिवसातून एकदा येत असेल, तर पोटाला चिमटा काढून जुनी गाडी ठेवावीच लागते. तिथे गाडी असणं हे सुबत्तेचं लक्षण उरत नाही, उलट खर्चाचा खड्डा असतो. दुसरीकडे लंडनच्या मध्यभागी पैसेवाला माणूसही गाडी ठेवत नाही, लावायला जागाच नाही. तेच घरमालकीचं. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना पालिकेची घरं सवलतीत विकत घेता यायला लागली. दहा वर्षांत कितीतरी घरं 'मालकीची' झाली, पण राहणारे तेच, कमाई तीच. स्कॉटलंडसाठी कार्स्टेअर्स आणि मॉरिस यांनी निर्देशांक केला तेव्हा त्यांनी घरमालकी गाळलीच, कारण तिथे पालिकेच्या घरांत इतके लोक राहत होते की त्यावरून काही कळत नव्हतं. त्याजागी त्यांनी खालचा व्यवसाय-वर्ग घेतला.

याच काळात ब्रायन जार्मन यांचा निर्देशांक होता, १९८३ चा. त्यांनी फॅमिली डॉक्टरांना विचारलं, कुठल्या प्रकारच्या लोकांमुळे तुमचं काम वाढतं? उत्तरांवरून आठ गोष्टी ठरल्या: एकटे राहणारे वृद्ध, पाच वर्षांखालची मुलं, एकल पालक, बेकार, अकुशल, दाटीची घरं, वर्षभरात घर बदललेले आणि वांशिक अल्पसंख्याक. माप होतं डॉक्टरांच्या कामाच्या भाराचं. पण १९९० पासून याच आकड्यावरून 'वंचित भागातल्या' डॉक्टरांना जादा पैसे मिळायला लागले. मग काय झालं? मध्य लंडनचे आकडे चढे आले आणि ईशान्येकडचे बंद पडलेल्या खाणींचे गाव तुलनेने खाली राहिले. टाउनसेंड यांचा आक्षेप इथे नेमका होता: म्हातारं असणं, काळं असणं ही काही वंचितता नाही. वंचित *कोण* आहे आणि वंचितता *काय* आहे, यांची सरमिसळ केली की तुम्ही कारण शोधायच्या आधीच उत्तर मापात घालून ठेवता. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवलंय, माझ्या शब्दांत.

२००० नंतर इंग्लंडमध्ये बहुआयामी निर्देशांक आला. साधारण दीड हजार लोकवस्तीचे छोटे भाग आणि सात क्षेत्रं. २०१० च्या दशकातल्या आवृत्त्यांत उत्पन्नाला २२.५ टक्के वजन, रोजगाराला २२.५, शिक्षणाला १३.५, आरोग्याला १३.५ आणि बाकी तिघांना ९.३ प्रत्येकी. थांबा. आरोग्य? आपण वंचिततेचा आरोग्यावर परिणाम बघणार आणि वंचिततेच्या मापातच आरोग्य? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर व्हायवात तुम्हाला भीती नाही. अ‍ॅडम्स आणि व्हाइट यांनी २००६ मध्ये आरोग्याचं क्षेत्र काढून पाहिलं तर प्रत्यक्ष फरक फारसा पडला नाही. पण ते त्यांनी करून पाहिलं. आपणही करून पाहायचं आणि एका ओळीत लिहायचं.

प्रभागावरच्या मापाचा आणखी एक सापळा. १९५० मध्ये रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध उणे ०.५३. पण एकेका माणसाकडे पाहिलं तर परदेशात जन्मलेलाच जास्त निरक्षर, अधिक ०.१२. कारण ते लोक शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. प्रभाग वंचित म्हणजे त्यातलं प्रत्येक घर वंचित नव्हे, आणि बरेचसे वंचित लोक 'बऱ्या' प्रभागांतच राहतात.

आता आपल्याकडे. तुमच्यापैकी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट वापरणार. मेडिकल कॉलेजवाले कुप्पुस्वामी किंवा बी. जी. प्रसाद. प्रसाद १९६१ चा, माणशी उत्पन्नावर. कुप्पुस्वामी शहरांसाठी: कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचं मासिक उत्पन्न, एकूण २९ गुण. उत्पन्नाचे टप्पे दरवर्षी ग्राहक किंमत निर्देशांकाने वाढवले जातात, पण 'कुटुंबप्रमुख' मात्र तिथेच बसलेला आहे, स्टीव्हन्सनच्या नवऱ्यासारखा. घर चालवणारी धुणीभांडी करणारी बाई आणि दारू पिऊन पडलेला दहावी पास नवरा. गुण कुणाचे धरायचे?

दुसरी गोष्ट म्हणजे एनएफएचएसचा संपत्ती निर्देशांक. याची कथा आपल्याशी थेट जोडलेली आहे. विकसनशील देशांच्या आरोग्य सर्वेक्षणांत उत्पन्न किंवा खर्च विचारलेला नसायचा. डीऑन फिल्मर आणि लॅन्ट प्रिचेट यांनी भारताच्या १९९२-९३ च्या पहिल्या एनएफएचएसचा डेटा घेतला आणि २००१ मध्ये मांडलं की घरातल्या वस्तूंवरून संपत्तीचा क्रम लावता येतो. वस्तूंना वजनं आपण द्यायची नाहीत, ती संगणक देतो: कोणत्या वस्तू एकत्र असतात, एकत्र नसतात, त्यातून मुख्य घटक काढतो. तो पेपर मुळात शाळेतल्या पटावर होता, आरोग्यावर नव्हता. पण पद्धत जगभरच्या आरोग्य सर्वेक्षणांत गेली. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या अहवालांत ती आहे. त्या फेरीत ३३ गोष्टी होत्या: छप्पर, भिंत, संडास, प्रेशर कुकर, गादी, पंखा, घड्याळ, बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि हो, मोटारगाडी.

संगणक वजनं देतो म्हणजे ती निःपक्षपाती असतात असं समजू नका. भारतात घरांमधला सगळ्यात मोठा फरक शहर-खेड्याचा आहे. त्यामुळे पहिला घटक बराचसा तोच पकडतो: वीज, नळ, गॅस. शहरातल्या झोपडीत हे तिन्ही असू शकतं. २००१ च्या जनगणनेत मुंबई महापालिकेच्या हद्दीतले निम्म्याहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते, पण संपत्तीचे पाच हिस्से देशभराची लोकसंख्या धरून पाडलेले असल्यामुळे मुंबईतलं कुणी तळाच्या हिश्शात क्वचितच सापडतं. म्हणून तिसऱ्या फेरीच्या आठ शहरांच्या अहवालात फक्त शहरी लोकसंख्येचे वेगळे चार भाग करून तळाचा घ्यावा लागला. आणि जात? ती या मापात नाही. ती तुम्हाला वेगळी ठेवून पाहावी लागते. माझ्या मते तेच बरं आहे, टाउनसेंड यांच्या कारणासाठी: जात मापात घातली तर जातीमुळे काय होतं हे विचारताच येणार नाही.

आता ज्यामुळे हे सगळं मला टोचलं ते सांगते. पायलट सर्व्हेसाठी मी मराठवाड्यातल्या एका गावात गेले होते. एक घर. पत्र्याचं, पण वीज, रंगीत टीव्ही, दोन मोबाइल, दारात नवी मोटारसायकल. नवरा-बायको ऊसतोडीला गेलेले, घरात आजी आणि दीड वर्षाचा नातू. नातवाच्या दंडाला पट्टी लावली, पिवळ्यात आली. रात्री मी स्कोअर काढला तर हे घर मधल्या हिश्शात. अख्ख्या नमुन्यात मधल्या हिश्शातली कुपोषित मुलं मला अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होती आणि मी त्यावर चक्क एक परिच्छेद लिहून टाकला होता, आहाराच्या सवयींबद्दल. दुसऱ्या दिवशी परत गेले. आजी म्हणाली, "गाडी व्हय? ती उचलीतून घेतली, बाई. तोडीला फडावर जायला लागती. हप्ता थकला तर घिऊन जात्याल." म्हणजे ती मोटारसायकल मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची होती. निर्देशांकात ती संपत्ती होती. त्या घरात ते कर्ज होतं. वेल्सच्या डोंगरातली जुनी गाडीच ती.

तो परिच्छेद मी काढून टाकला. गाईड मॅडमशी बोलून आता तीन मापं शेजारी शेजारी ठेवली आहेत: देशपातळीचा संपत्ती निर्देशांक, फक्त ग्रामीण नमुन्यावर पुन्हा काढलेला, आणि जमीन-स्थलांतर-कर्ज यांवर माझा साधा बेरजेचा. तिन्हींत निकाल कुठे जुळतो आणि कुठे फुटतो याचा एक तक्ता. जात वेगळ्या स्तंभात. आणि प्रश्नावलीत प्रश्न क्रमांक २७, 'घरात मोटारसायकल किंवा स्कूटर आहे का', याच्या खाली दोन ओळी वाढवल्या: कुणाच्या नावावर आहे, आणि किती हप्ते बाकी आहेत. पुढच्या आठवड्यात त्याच गावांत परत जातेय.